विदर्भात नवीन आलात? कोणत्या वारी कुठं काय खायचं ते असं शोधा

तुमची बदली यवतमाळ, वाशिम, गडचिरोली नाहीतर अशाच कुठल्या जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी झाली असेल, तुम्ही शिक्षक असा, बँकेत असा, तलाठी, ग्रामसेवक, पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे, डॉक्टर नाहीतर रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर, पहिल्या आठवड्यात तुम्ही एकच गोष्ट घरी फोन करून सांगता, की इथं जेवायला काही धड भेटत नाही. हॉटेलात गेलात, लॅमिनेट केलेलं चार पानांचं मेनूकार्ड आलं, तुम्ही पनीर मसाला मागितला, तो काही घशाखाली उतरला नाही, अन् दुसऱ्या दिवसापासून रूमवर मॅगी. असं करू नका. आपल्याकडं चांगलं खाणं कार्डावर नसते, वारावर असते. बुधवारी एका हॉटेलात मटण भारी होते, गुरुवारी दुसऱ्याकडं बेसन-भाकर, शनिवारी तिसऱ्याकडं रोडगे, अन् हे गावातल्या सगळ्यांना माहीत असते म्हणून कोणी लिहून ठेवत नाही, नवीन माणसाला मात्र कोणी सांगतही नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

हे असं का आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागते. छोट्या गावातल्या हॉटेलवाल्याकडं रोज दहा भाज्या ताज्या करण्याएवढं गिऱ्हाईक नसते. मेनूकार्डावरचं जे असते ते एकाच ग्रेव्हीत पाकिटाचा मसाला टाकून होते. पण आठवड्यातून एक दिवस असा असतो की त्याला पक्कं माहीत असते आज माणसं येणार, त्या दिवशी तो पहाटे उठून सामान आणतो, मोठं गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढवतो, मसाला घरी वाटलेला असतो, अन् संध्याकाळपर्यंत गंज रिकामं होते. काल उरलेलं नाही, उद्यासाठी ठेवलेलं नाही. तो दिवस पकडायचा, एवढंच काम आहे.

पहिलं काम: बाजाराचा वार

गावात उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न हा विचारा, "भाऊ, इथला बाजार कोणत्या वारी?" प्रत्येक गावाचा वार वेगळा, अन् आजूबाजूच्या चार-पाच गावांचे वार एकमेकांवर येत नाहीत अशीच जुनी रचना असते, म्हणजे व्यापारी आज इथं, उद्या तिथं. नागपुरात तर वस्त्यांची नावंच वारावरून पडली, इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिचरी, तिथं त्या त्या वारी बाजार भरायचा म्हणून. गावाकडं हे अजून जिवंत आहे.

बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यातून माणसं येतात, बाया भाजी घेऊन बसतात, पोरं कपडे घ्यायला येतात, अन् हे सगळे दुपारी काहीतरी खाऊनच घरी जातात. म्हणून त्या दिवशी हॉटेलं जोरात असतात. सकाळी तर्री-पोहे, त्यावर चण्याचा रस्सा, कच्चा कांदा, लिंबू. दुपारपासून आलूबोंडा, पण नुसता नाही, वाटीत फोडून वरून लाल रस्सा ओतलेला, समोसाही तसाच. अकोला-अमरावतीकडं असाल तर गिला वडा विचारा. शेवटी जिलेबी, कागदात बांधून घरच्यांसाठी. बाजाराच्या दिवशीचा रस्सा दर अर्ध्या तासानं नवा टाकावा लागते एवढा खप असतो, म्हणून त्याची चव इतर दिवसांपेक्षा वेगळीच, तोच हॉटेलवाला, तोच मसाला, पण मंगळवारी खाल्लं तर म्हणाल ठीक आहे अन् बाजाराच्या दिवशी खाल्लं तर दुसरी प्लेट सांगाल.

मटण खाणारे असाल तर बाजाराचा वार अजून महत्त्वाचा. त्या दिवशी खाटीक सकाळीच बोकड कापतो, एक नाही दोन-तीन, कारण विकल्या जाणार याची खात्री असते, अन् गावातले भोजनालयवाले त्याच्याकडूनच घेतात. म्हणजे सकाळी दुकानात टांगलेलं मटण दुपारी तुमच्या ताटात. छोट्या गावात आडवारी बोकड कापतच नाहीत कधी कधी, तेव्हा जे भेटते ते चिकन नाहीतर फ्रीजमधलं. ज्या गावचा बाजार सोमवारी किंवा शनिवारी असते तिथं मामला थोडा उलटा, त्या दिवशी निम्मी गिऱ्हाईकं उपवासाची असतात, मग मटणाचा दिवस सरकून रविवार-बुधवारवर येतो. हे गावात विचारूनच कळते.

दुसरं: कोणत्या वारी लोक काय खात नाहीत

काय खातात यापेक्षा काय खात नाहीत हे आधी पाहा. सोमवार महादेवाचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार घराघरावर आहे, काही पाळतात काही नाही. उरले रविवार, बुधवार, शुक्रवार, हे आपल्याकडं मटण-चिकनचे वार. तुम्ही गुरुवारी सावजीकडं, म्हणजे झणझणीत मटण रस्स्याच्या भोजनालयात, जाऊन बसलात अन् तो म्हणाला "आज नाही भाऊ" तर त्याच्यावर रागावू नका. चालू असलं तरी त्या दिवशी त्याचं गंज छोटं असते, मन लावून केलेलं नसते. त्यापेक्षा गुरुवारी बेसन-भाकर खा.

गुरुवारची बेसन-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, ही खास सांगायची गोष्ट आहे. शेगाव बुलडाणा जिल्ह्यात, महाराज तिथं 23 फेब्रुवारी 1878 ला प्रकट झाले, अन् त्यांना झुणका-भाकर, हिरवी मिरची, कांदा असं साधं जेवण आवडायचं असं भक्त सांगतात, म्हणून पश्चिम विदर्भात गुरुवारी हे जेवण नुसतं पोट भरायला नसते, त्यात श्रद्धा असते. कितीतरी भोजनालयं गुरुवारी मुद्दाम हेच करतात, ज्वारीची भाकर, पातळ बेसन, मिरचीचा ठेचा, भेटली तर अंबाडीची भाजी. प्रकट दिनाच्या आठवड्यात, म्हणजे माघ महिन्यात, गावोगावी भंडारे असतात तेव्हा तर हॉटेलात जाऊच नका, पंगतीत बसा. नवीन माणसाला कोणी उठवत नाही, उलट आग्रह करून वाढतात.

सोमवारी अन् एकादशीला साबुदाण्याची उसळ. बाहेरचे लोक खिचडी म्हणतात, इथं उसळच मागा. सकाळी 10 च्या आत घ्या, दुपारी ती चिकट होते. सोबत भगर अन् दाण्याची आमटी असेल तर ते हॉटेल लक्षात ठेवा, तिथं घरची बाई स्वयंपाकात आहे असं समजा.

तिसरं: फळा वाचा, स्टेटस पाहा

ज्या हॉटेलच्या दारात काळा फळा आहे अन् त्यावर खडूनं लिहिलेलं आहे, तिकडं आधी जा. फ्लेक्सवर छापलेलं "आज स्पेशल" काही कामाचं नाही, ते वर्षभर आजच असते. खडूनं लिहिलेलं मात्र सकाळी कोणीतरी हातानं लिहिलेलं असते. फळ्यावर फक्त दोन-तीन ओळी असतील तर अजून चांगलं. "आज पाटवडी रस्सा, भाकर. उद्या मटण." असं उद्याचंही लिहिलेलं असेल तर तो माणूस तयारीचा आहे.

आता बरेच जण फळ्याऐवजी व्हॉट्सॲप स्टेटस ठेवतात. पहिल्याच भेटीत बिल देताना नंबर सेव्ह करा अन् त्यांनाही तुमचा करायला सांगा, कारण दोन्हीकडून सेव्ह असल्याशिवाय स्टेटस दिसत नाही. सकाळी 9-10 ला गंजाचा फोटो पडते. तो पाहून लगेच फोन करा, "भाऊ, दोन प्लेट अन् चार भाकरी ठेवजा माझ्या नावानं." प्लेट एकवेळ ऐनवेळी भेटेल पण भाकर भेटणार नाही, कारण भाकर थापणारी बाई एकच असते अन् तिचे हात दोनच. जो नवीन माणूस भाकरीचा आकडा सकाळी सांगतो त्याला हॉटेलवाले जपतात, मी हे खात्रीनं सांगतो.

वेळेचं पण बघा. दुपारचं गंज साधारण 12 ला उतरते, 2 नंतर तळाचं राहते. रात्री 8 च्या सुमारास जा, 9 नंतर गेलात तर रस्सा पाणी टाकून वाढवलेला असू शकते, अन् 10 ला गावं झोपतात. "संपलं" असं ऐकायला आलं तर ते हॉटेल सोडू नका, पुढच्या आठवड्यात तासभर आधी जा. ज्याच्याकडं कधीच काही संपत नाही त्याच्याकडं जाणं कमी करा.

गुगलवरच्या रेटिंगच्या भरोशावर राहू नका. हायवेवरचे मोठे ढाबे तिथं सापडतात, तालुक्याच्या गावातलं बिनपाटीचं भोजनालय नाही सापडत. त्यापेक्षा एसटी स्टँडवरच्या कंडक्टरला नाहीतर एमआर लोकांना, म्हणजे औषध कंपन्यांच्या माणसांना, विचारा, ते आठवडाभर पाच तालुके फिरतात अन् कोणत्या वारी कुठं उतरून जेवायचं हे त्यांना पाठ असते.

चौथं: सावजीत पहिल्यांदा बसताना

सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाच्या घरचं जेवण. मागावर दिवसभर बसणारी माणसं, त्यांच्या घरात जवसाच्या तेलात, घरी वाटलेल्या मसाल्यात होणारा रस्सा, तिथून तो छोट्या भोजनालयात आला अन् आता विदर्भाच्या प्रत्येक तालुक्यात "सावजी" पाटी दिसते. सगळ्या पाट्या खऱ्या नसतात. ओळखायचं कसं ते सांगतो.

रस्सा आला की लगेच तुटून पडू नका, आधी वाटीकडं पाहा. वर लाल-काळसर तेल तरंगते ती तर्री. ती रंग टाकून केलेली असेल तर चमच्याला भडक लाल लागते अन् बोटांना रंग राहतो. मसाल्यातून सुटलेली असेल तर गडद, काळपटाकडं झुकणारी असते, वास आधी खोबरं-धण्याचा येतो, मागून दगडफुलाचा, अन् तिखट जिभेवर नाही तर घशात लागते, थोडं उशिरा. मसाला कांदा-खोबरं भाजून, धने, मिरे, खसखस, दगडफूल, शहाजिरे भाजून वाटलेला असते अन् तो तेल सुटेपर्यंत परततात. हे परतणं मंद आचेवर, घाई न करता करावं लागते. आतमध्ये डोकावता आलं तर पाहा, बाई कढईजवळून हालत नाही, मसाला कडा सोडून गोळा व्हायला लागला, भोवती तेल दिसलं, तेव्हाच मटण टाकते. आधी टाकलं तर मसाला कच्चा राहते अन् तो कच्चेपणा कितीही शिजवा जात नाही. मिरची भिवापूरची असेल तर रंग अन् तिखट दोन्ही येतात, तिला जीआय टॅगही आहे, आमच्याकडच्या शेतकऱ्यांची ती शान आहे. हळद वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची, तिलाही आहे.

ऑर्डर अशी द्या. मटण प्लेटवर भेटते, फुल-हाफ, त्यात तुकडे मोजून असतात, रस्सा बहुतेक ठिकाणी परत मागता येते, पण आधी विचारून घ्या, काही ठिकाणी एक्स्ट्रा रस्स्याचे पैसे लागतात. मटणासोबत खूर, मुंडी, कलेजी, वजडी, सुंदरी, खिम्याचे गोळे हे असते, पण रोज नाही, ज्या दिवशी बोकड कापलं त्याच दिवशी, म्हणून हे खायचं असेल तर बाजाराच्या नाहीतर रविवारच्या दुपारी जा, संध्याकाळी शिल्लक राहत नाही. खूर ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी ते आधी बांधून ठेवलेले असतात, फोन करायलाच लागते.

व्हेज खाणाऱ्यांनी सावजी टाळायचं काही कारण नाही. पाटवडी रस्सा अन् डाळकांदा हे दोन पदार्थ मटणाच्या तोडीचे आहेत. बेसनाची थापलेली वडी, वरून सुकं खोबरं अन् सांबार पेरलेला, सांबार म्हणजे इथं कोथिंबीर, तिच्यावर तोच झणझणीत रस्सा. फक्त एक, मटणाच्याच पळीनं वाढतात का ते नम्रपणे विचारा, चालत नसेल तर शुद्ध शाकाहारी भोजनालयात सोमवार-शनिवारी पाटवडी असते तिकडं जा.

तिखटाची सवय नसेल तर "तर्री कमी" सांगा, कोणी हसत नाही. पोळीपेक्षा ज्वारीची भाकर घ्या, ती तिखट ओढून घेते. भाकर रस्स्यात चुरा, लिंबू पिळा, कांदा हातात ठेवा. मध्ये मध्ये थंड पाणी पिऊ नका, जळजळ पसरते, शेवटी मठ्ठा भेटत असेल तर तो घ्या नाहीतर गुळाचा खडा. पहिल्या दिवशी हाफ प्लेट भरपूर झाली. रविवारी काही ठिकाणी मडक्यावरची लांब पोळी भेटते, ऑर्डर आदल्या दिवशी लागते, अन् ती भेटत असेल तर भाकरीचा नियम त्या दिवसापुरता सोडा.

पाचवं: रोडगे, आदल्या दिवशी सांगून

विदर्भात राहून रोडगे खाल्ले नाही तर काय खाल्लं. कुठं पानगे म्हणतात. हे रोज कुठंच होत नाही कारण त्याला वेळ अन् गोवऱ्या लागतात, म्हणून हिवाळ्यात काही ढाबे अन् शेतातली हॉटेलं शनिवारी नाहीतर रविवारी करतात, कमीत कमी पाच-दहा माणसांची ऑर्डर असेल तर. ऑफिसातले चार जण गोळा करा अन् शुक्रवारी फोन करा.

करायची पद्धत अशी. गव्हाचं पीठ जरा जाडसर दळून आणतात, त्यात मीठ अन् तेलाचं मोहन, घट्ट भिजवतात. छोट्या छोट्या पोळ्या लाटून प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवतात अन् बाहेरच्या पोळीत बाकीच्या गुंडाळून गोळा बंद करतात. तिकडं मोकळ्या जागेत गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. जाळ पूर्ण बसला पाहिजे, ज्योत दिसली नाही पाहिजे, नुसता लाल निखारा. मग गोळे त्यात ठेवतात, फिरवत राहतात, बाहेरून तडकायला लागले की गरम राखेत दाबून ठेवतात. काढल्यावर फडक्यानं राख पुसतात अन् हातानं दाबून फोडतात, तेव्हा आतून पदर सुटतात अन् वाफ येते. त्यावर तूप. सोबत वांग्याची तर्रीची भाजी अन् घट्ट वरण. जेवताना रोडगा चुरून वरणात कालवा, वांग्याची भाजी तोंडी लावायला घ्या, नवीन माणूस उलटं करतो अन् दोन घासात तिखटानं थांबतो. दोन रोडग्यांच्या वर कोणाच्यानं होत नाही, तिसरा मागण्याआधी पाच मिनिटं थांबा.

अमरावती जिल्ह्यात असाल तर डिसेंबर-जानेवारीत चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेला जा. यात्रा महिनाभराच्या वर चालते, रोडगे अन् मातीच्या हंडीतलं मटण यासाठीच लोक दूरदूरून येतात. हंडी विकत घेऊन तिथंच शिजवून देणारे असतात. रविवारी फार गर्दी, जमत असेल तर बुधवारी जा.

मेस लावली असेल तर

एकटे राहणाऱ्यांसाठी हे. तालुक्याच्या गावात मेस भेटतेच, महिन्याचे पैसे, दोन वेळचा डबा. मेसचा आठवडा ठरलेला असतो, अन् रविवारी दुपारी फिस्ट, म्हणजे खास जेवण, संध्याकाळी बंद. फिस्टला एकदा पुरणपोळी, एकदा वडाभात, एकदा मटण-चिकन असं फिरत असते. मेस लावायच्या आधी एका रविवारी पाहुणा म्हणून पैसे देऊन फिस्ट जेवा. बाकी सहा दिवसांचं जेवण सगळीकडं उन्नीस-बीस, काकूंचा हात फिस्टलाच कळते. वडाभात असेल त्या दिवशी पाहा, डाळीचा वडा भातावर हातानं कुस्करून वरून कडकडीत फोडणीचं तेल घालतात, लसूण-लाल मिरचीचं, अन् बाजूला कढी. तेल कोमट वाढलं तर त्या मेसमध्ये जाऊ नका. एवढी छोटी गोष्ट जो सांभाळतो तो बाकीचंही सांभाळते.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते म्हणून त्या रात्री गावातली भोजनालयं गच्च भरलेली असतात, सगळे मेसवाले पोरं तिथंच. रविवारची रात्र टाळा, सावजीला दुपारीच जा.

मॅडम लोकांसाठी, शिक्षिका, नर्स, बँकेत नवीन लागलेल्या पोरी, मी सरळच सांगतो, रात्रीच्या मटण भोजनालयात बरेच ठिकाणी पिणारे बसलेले असतात अन् वातावरण बरोबर नसते. चांगलं जेवण यामुळं सुटू नये. दुपारी जा, तेव्हा घरच्या बाया कामावर असतात, नाहीतर स्वतःचा डबा देऊन पार्सल घ्या. अन् महिला बचत गटाचं भोजनालय आहे का हे पंचायत समितीत विचारा, बरेच ठिकाणी आवारातच असते, तिथलं बेसन, ठेचा, भाकर हॉटेलपेक्षा सरस असते अन् पैसे सरळ त्या बायांच्या हातात जातात. आपण बाहेरून येऊन इथं पगार घेतो, तर आठवड्यातलं एक जेवण तिथं व्हावं असं मला मनापासून वाटते.

पूर्वेकडं असाल तर

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा काही भाग, इथं हिशोब वेगळा. भाकरीच्या जागी भात, अन् मटणाएवढीच मासोळी. जुने मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या वेळचे, तलाव आहेत, वैनगंगा आहे, तलावात जाळं टाकलं त्या दिवशी रोहू, कतला, मरळ, झिंगे बाजारात येतात. इथं हॉटेलवाल्याला "मटण कधी" असं विचारण्याआधी "मासोळी कधी येते" विचारा. पावसाळ्यात सात्या अन् वास्ते, म्हणजे जंगलातले मशरूम अन् बांबूचे कोंब, हे बाजारात थोडेच दिवस येतात, हॉटेलात क्वचित भेटतात, ओळखीच्या घरी सांगून ठेवा. मशरूम मात्र स्वतः जंगलातून आणायला जाऊ नका, जाणत्या बाईनं दिलेलंच खा.

वर्षाचा हिशोब

जिवतीची, म्हणजे आषाढातली, अमावस्या झाली की श्रावण लागतो अन् महिनाभर मटणाची हॉटेलं थंडावतात, काही सरळ कुलूप लावतात अन् रंगरंगोटी करून घेतात. जिवतीच्या आधीच्या रविवारी सगळीकडं लाइन असते, तेव्हा सकाळी सांगून ठेवा. श्रावण पोळ्याला संपतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पुन्हा गंज चढतात. नवरात्रात परत मंदी. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की हॉटेलांना खरा जोर येतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विदर्भात खायचा हंगाम, वांगे चांगले, तुरीच्या शेंगा, हुरडा, संत्री. कापसाचा भाव पडला तर ते हॉटेलच्या गंजातही दिसते, त्या वर्षी बुधवारचं मटण बंद होऊन फक्त रविवारचं राहते. हॉटेलवाला कशाला बंद केलं ते सांगणार नाही, तुम्ही समजून घ्या अन् जो वार चालू आहे त्या वारी नक्की जा.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दुपारी तर्रीच्या नादी लागू नका. आंबील, कढी, कांदा, आमरस-सरगुंडे (सरगुंडे म्हणजे गव्हाच्या शेवयांसारखा प्रकार) असं खा, मटण रात्री.

पार्सल नेताना

स्टीलचा डबा न्या, गरम रस्सा प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊ नका. रस्सा अन् तुकडे वेगळे मागा. रात्री उरला तर फ्रीजमध्ये ठेवा अन् सकाळी गरम करताना पाणी टाकायचं असेल तर उकळतं टाका, थंड टाकलं की तर्री फुटते. त्यात कालची भाकर कुस्करा, ऑफिसच्या आधीचा नाश्ता झाला. हॉटेलवाल्यानं त्याचा डबा दिला असेल तर तो पुढच्या वाराच्या आत घासून परत द्या, कारण त्याच्याकडं डबे मोजकेच असतात अन् डबा अडकला तर पुढच्या बुधवारी दुसऱ्या कोणाचं पार्सल राहते.